बालपरवेशी

पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना पहिल्यांदा कळला तो एका सावकारी पत्रातून, असे सांगतात. पत्र पेढीवरचे, त्यामुळे भाषाही पेढीवरची. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये नि खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. शाळेपासून आपण हे ऐकत आलो आणि दर वेळी मोत्यांपाशीच हळहळून थांबलो. मला मात्र तो खुर्दा खुपतो. खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्याला घर होते, घरात बायको होती, म्हातारी आई होती, अजून दुधाचे दात न पडलेले पोर होते. १४ जानेवारी १७६१ नंतर अशी किती घरे सरकारच्या दारात येऊन उभी राहिली असतील! त्यांच्या मागण्याला मराठी दफ्तरात एक नाव आहे: बालपरवेशी. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी सरकारातून बांधून दिलेली नेमणूक.

शब्द दोन घरचा आहे. ‘बाल’ संस्कृत, आणि ‘परवेशी’ म्हणजे फारसी ‘परवरिश’ मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेली. फर्दनवीसाचा फडणीस करणाऱ्या जिभेला हे काही अवघड नव्हते. परवरिश म्हणजे पोसणे, वाढवणे. याच शब्दाचे सख्खे भावंड ‘नानपरवेशी’. यातला नान म्हणजे हॉटेलात लोणी लावून येतो तोच, भाकरी. बालपरवेशी लेकराच्या नावाने, तर नानपरवेशी घराच्या पोटाच्या नावाने.

आज आपण अशा वेळी नुकसानभरपाई म्हणतो. तोही जुना, दोन घरचाच शब्द. ‘नुकसान’ अरबी, ‘भरपाई’ आपली. पण भरपाई मूळची पावतीच्या व्यवहारातली. येणे चुकते झाले की घेणाऱ्याने ‘भरून पावलो’ असे लिहून द्यायचे, ती भरपाई. जळलेल्या गंजीची, लुटलेल्या मालाची भरपाई होते, आणि ती लिहून देताना हात थरथरत नाही. कर्त्या मुलाबद्दल कुठली आई भरून पावलो म्हणून लिहून देईल? परवेशी गेलेल्याची किंमत करायला बसतच नाही. मागे कोण राहिले आणि त्याला किती लागते, एवढेच विचारते. शब्द घडवणाऱ्या कारकुनाने इतका विचार केला असेल असा माझा दावा नाही. त्याला खर्चाचे एक सदर हवे होते. पण सदराचे नाव त्याने लाख मोलाचे निवडले.

चाल शब्दाहून जुनी. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाचा निकाल लागला. त्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले ते कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत बसून लिहिलेल्या बखरीत अगदी हिशेबाच्या थाटात येते. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवले. मुलगा नसेल तिथे बायकोला नवऱ्याचे निम्मे वेतन. जखमींना जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन. त्या ओळी वाचताना ‘जखम पाहून’ या अटीवर माझे बोट अडते. म्हणजे कुणीतरी समोर बसून दंडावरचा वार बघितला, आणि पन्नास की शंभर ते ठरवले. आजच्या मेडिकल बोर्डाची टक्केवारी वेगळे काय करते? बाकी निम्मे वेतन विधवेला पुरत होते की नाही, ते बखरकार सांगत नाही. बखरी राजाच्या बाजूने लिहिल्या जातात. घेणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिलेली बखर माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच्याही मागे गेलो की कागद संपतो आणि दगड सुरू होतो. गावाबाहेर मारुतीच्या देवळामागे शेंदूर फासलेला वीरगळ आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. खालच्या चौकटीत झुंज, बहुधा गाई वळवून नेणाऱ्यांशी. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत. त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. आणि अगदी माथ्यावर सूर्य नि चंद्र. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके, अक्षर नसलेले. कानडी मुलखातले बोलके आहेत. तिथल्या लेखांत ‘नेत्तरुगोडगे’ भेटते. नेत्तरु म्हणजे रक्त. रक्त सांडले म्हणून घरच्यांना दिलेली जमीन. तमिळ देशात हीच ‘उदिरप्पट्टी’. तिथेही उदिरम म्हणजे रक्तच. दगडावरचे सूर्यचंद्र हे नुसते नक्षीकाम नव्हे. दानपत्रातला ‘आचंद्रार्क’ तो हाच: ते दोघे आकाशात आहेत तोवर देणगी चालेल.

बालपरवेशीला हे सूर्यचंद्र नाहीत. तिची मुदत तिच्या नावातच आहे. बाल आहे तोवर परवेशी. पोर घोड्यावर बसायच्या वयाचे झाले की त्याने बापाच्या जागी उभे राहायचे आणि स्वतःचे वेतन खायचे. खजिन्याच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची. जमीन एकदा तोडून दिली की परत येत नाही, माणूस मात्र पुढच्या मोहिमेला तयार होऊन येतो. म्हणजे ज्या लढाईने बाप खाल्ला तिच्याचसाठी मुलगा पोसायचा. परवेशीची ही बाजूही दिसू द्यावी, नाहीतर आपण उगीच गहिवरतो.

पानिपतानंतर पेशवाईची वस्त्रे मिळालेला माधवराव सोळा वर्षांचा होता आणि त्याच्याच घरातले दोघे तिकडे राहिले होते. पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत. गणेश चिमणाजी वाडांनी त्यांतून निवडून पेशव्यांची रोजनिशी सिद्ध केली. त्यात अशा नेमणुका भेटतात. मोडीत लेखणी उचलायची नसते, ओळ सलग पळते, आणि त्या पळत्या ओळीत अमुक याचा बाप अमुक लढाईत सरकारकामावर पडला, सबब मुलास इतके, हे दोन श्वासांत उरकते. वरची नोंद तोफखान्याच्या दारूची असेल, खालची ब्राह्मणभोजनाची. पण इथे खुर्द्यातल्या नाण्याला नाव मिळते, बापाचे नाव मिळते, गाव मिळते.

मात्र ते मिळायला तो पडला हे ठरायला हवे. पानिपतात नेमके तेच अवघड होते. किती पडले, किती धरले गेले, किती वाट चुकून कुठे राहिले, सांगायला परत आलेलेच थोडे. मोत्याच्या घरीसुद्धा हा घोळ चुकला नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पती गेले हे मानायला तयार नव्हत्या. १७८३ त वारल्या त्या सवाष्णीच्या लेण्यातच. मध्यंतरी भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, आणि १७७६ साली त्याला मारावे लागले. शनिवारवाड्यात ही गत, तर जावळीच्या खोऱ्यातल्या बाईने काय पुरावा आणायचा? बहुधा त्याच पथकातला कोणी शेजारी. ‘मी डोळ्यांनी पाहिला’ म्हणणारा माणूस हाच तिचा कागद. पुढे कायद्याने याला आकडा दिला: सात वर्षे खबर नसेल तर माणूस मेला असे धरता येते.

इंग्रज आले, पेशवाई गेली, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन दारोदार सनदा तपासत फिरले. ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांची इनामे गेली. बालपरवेशी हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात जाऊन बसला तो कायमचाच.

खुर्दा मात्र गोळा होतच राहिला. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडले, आणि जे मेले नव्हते ते तुर्कांच्या कैदेत चालत गेले. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंग्याचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले; गावाला आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. सरकारने गावोगाव दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतके पडले. इतके. नावे नाहीत. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही तोच प्रकार झाला. गोऱ्यांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा टाकला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या पंक्तिप्रपंचाची जाहीर माफी मागितली, ती २०२१ साली.

आता शब्द बदलले आहेत. परवेशीच्या जागी फॅमिली पेन्शन, हजिरीच्या जागी ‘शीट रोल’, सनदेच्या जागी पीपीओ. जवानांच्या बायका हे शब्द भाजी-भाकरीसारखे बोलतात. ‘आमच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर पडलीच नव्हती ओ,’ म्हणजे लग्न पलटणीच्या कागदात चढलेच नव्हते, असे सांगताना त्यांना त्यात काही इंग्रजी आहे असे वाटतही नाही. पलटणीच्या कारकुनाने माहेरचे नाव लिहिलेले, आधारवर सासरचे. तिकडे ‘सुमन’, इकडे ‘सुमनबाई’. दोघी एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, जिल्हा सैनिक कार्यालयाची फेरी.

काही अटी तर अशा की पेशव्यांच्या कारकुनालाही सुचल्या नसत्या. शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुन्हा लग्न केले तर बंद, पण दिवंगत नवऱ्याच्या भावाशीच केले तर चालू. उत्तरेकडच्या करेव्याच्या, म्हणजे विधवेचे दिराशी लग्न लावायच्या, चालीवर बेतल्यासारखा हा नियम धाकट्या दिराला लेकरासारखे मानणाऱ्या आपल्याकडच्या घरांनाही तसाच लागू होता. तो काढून टाकला नोव्हेंबर २०१७ मध्ये.

त्याच नोव्हेंबरात दर साली बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग लागते. मोबाइलवरून दाखला काढायची सोय आता झाली आहे, तरी म्हाताऱ्या येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आत घडी पडून चिरत आलेला पीपीओ, त्याला पारदर्शक चिकटपट्टी. काउंटरवरचा पोरगा यंत्र पुढे सरकवतो. तिचा अंगठा त्यावर उमटत नाही. भांडी आणि खुरपे यांनी रेघा कधीच पुसल्या आहेत. तो म्हणतो, ‘आजी, दुसरं बोट ठेवा.’ ती पदराला हात पुसते आणि दुसरे बोट ठेवते.