चावडीवरची साक्ष, खिशातली लेखणी
पंढरपूरच्या उत्तरेला असलेल्या करकंबच्या शिवारात ऊस आणि द्राक्षबागा. आपल्या रानात काय उभं आहे, हे इथल्या शेतकऱ्यानं आता सरकारला स्वतःच सांगायचं असतं. बांधावर जायचं, ई-पीक पाहणीचं ॲप उघडायचं, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जातात. रेंज नसली तर मोबाइल उंच धरून बांधोबांध फिरायचं. 15 ऑगस्ट 2021 पासून ही रीत राज्यभर सुरू झाली.

जुन्या काळी अशी साक्ष एकट्यानं नव्हे, गावासमोर द्यावी लागे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उपटला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते यांच्यासमोर साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. अक्षर न येणाऱ्याची निशाणी कामावरून ओळखू येई. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. साक्षीनं भागलं नाही तर दिव्य. रवा-दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा आणि हात भाजला की माणूस खोटा! या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण खोटं बोलणाऱ्याला उद्या त्याच पारावर बसायचं असे, हा धाक खराच होता.

कागदाचं वजन वाढलं तशी खरं-खोटं ठरवण्याची ही सत्ता लेखणीवाल्याकडे गेली. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्यावर कोरडे ओढले ते म्हणूनच. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात भडकलेल्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्याकडच्या कर्जखतांवर होता. ती हिसकून जाळली गेली. मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत शेतकऱ्याचं खत सरकारी निबंधकासमोर करणं आलं. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापुरात कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं 1951 मध्ये गेली.

तरी लेखणी एकाच हातात राहिली. तलाठी रानात न जाता चावडीत बसूनच पिकं लिहितो, ही कुरकुर गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येई.

1 मे 2018 ला डिजिटल सही असलेला सातबारा आला. 15 रुपये भरले की उतारा हातात, तलाठ्याचा शिक्का नको की हेलपाटा नको. खरी उलथापालथ मात्र पीक पाहणीनं केली. पूर्वी गावात एका माणसाच्या इमानाची काळजी करावी लागे, आता प्रत्येक खातेदाराच्या. पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई याच नोंदीवर अडतं, तेव्हा मोह घरापर्यंत आला. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरही विमा उतरवल्याची प्रकरणं बाहेर आली. 2025 मध्ये ती सवलत बंद झाली. ॲपला जागा कळते. त्या जागेवर हक्क कुणाचा, हे बांधाशेजारच्यालाच ठाऊक असतं.

शेजाऱ्याची ती नजर सरकारलाही हवीच आहे. फेरफाराची नोटीस चावडीवर लावून हरकतीला 15 दिवस देण्याची तरतूद कायद्यात कायम आहे. तीच नोटीस आता महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर झळकते. पुण्यात नोकरीला असलेला भाऊही ती पाहून हरकत घेऊ शकतो, गावातल्या भावाच्या तोंडावर बोलायची वेळ न येता.