पासष्ट डॉलरची नोकरी आणि पहिलं पुस्तक

ओकलंडच्या धक्क्यावर ‘जॅक लंडन स्क्वेअर’ आहे. बे एरियातली आपली मंडळी पाहुण्यांना घेऊन तिथे हमखास जातात. ज्याचं नाव त्या चौकाला दिलंय, तो लेखक आपल्या मुलांना शाळेत ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मधून भेटतो. त्याचं पहिलं पुस्तक निघेपर्यंतची हकिकत मात्र फारशी कुणी सांगत नाही.

जॅकचा जन्म १८७६चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. घरी कायमची ओढाताण. ओकलंडच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल इना कूलब्रिथ यांनी या पोराची वाचनाची भूक ओळखली आणि त्याला पुस्तकं दिली. या बाई पुढे कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राजकवी झाल्या. प्राथमिक शाळा संपली आणि जॅक डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तासाला १० सेंटवर राबू लागला.

१८९३ साली सीलच्या शिकारीच्या जहाजावरून तो जपानकडे जाऊन आला. त्या सफरीतल्या वादळाचं वर्णन त्यानं आईच्या आग्रहाखातर एका वृत्तपत्राच्या स्पर्धेला पाठवलं. पहिलं बक्षीस मिळालं, २५ डॉलर! तेव्हा तो तागाच्या गिरणीत रोज दहा तास काम करत होता.

एकोणिसाव्या वर्षी तो हायस्कुलात बसला, १८९६मध्ये बर्कलेला पोचला. पैसे उसने दिले ते धक्क्यावरच्या गुत्त्याचा मालक जॉनी हाइनोल्ड यानं. तो गुत्ता त्या चौकात आजही आहे. कॉलेज मात्र एका सत्रातच सुटलं. मग जॅक झपाटल्यासारखा लिहू लागला. मेहुण्याचं टाइपरायटर रात्री मोकळं असे, त्यावर टंकलेखन. त्या यंत्रात फक्त कॅपिटल अक्षरं होती! सगळं साभार परत.

१८९७ साली क्लोंडाइकला सोन्यासाठी झुंबड उडाली. बहीण एलायझानं पैसे उभे केले, जॅक निघाला. पुढल्या वर्षी परतला तो स्कर्व्हीनं खंगून, जवळजवळ रिकाम्या हातानं. मधल्या काळात सावत्र वडील वारले होते आणि घर आता त्याच्यावर होतं. मात्र बर्फातल्या माणसांच्या गोष्टी त्यानं सोबत आणल्या होत्या.

आम्हा इंजिनिअर लोकांना पटेल अशी त्याची पद्धत होती. छापून येणाऱ्या कथा सोडवून पाहायच्या, किपलिंगचा कसून अभ्यास करायचा, नवे शब्द टिपायचे, रोजचा ठरलेला मजकूर लिहायचाच. सायकल, घड्याळ, वडिलांचा रेनकोट आळीपाळीनं गहाण पडत होते. पोस्टमनच्या परीक्षेतही तो पास झाला होता.

‘ओव्हरलँड मंथली’नं त्याची एक कथा घेतली, मोबदला फक्त पाच डॉलर. खचलेल्या जॅकला ‘ब्लॅक कॅट’ मासिकाच्या संपादकांनी सावरलं. कथा निम्म्यानं कापू दिलीत तर ४० डॉलर देतो, असं त्यांचं पत्र आलं. पोस्टातून बोलावणं आलं तेव्हा पगार होता महिना ६५ डॉलर, आणि तोही कायमचा. जॅकनं ती नोकरी नाकारली.

ही जोखीम किती मोठी होती, हे व्हिसा आणि घराचा हप्ता सांभाळणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. जानेवारी १९००मध्ये ‘अटलांटिक मंथली’त त्याची दीर्घकथा आली, तिचे १२० डॉलर मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिननं ‘द सन ऑफ द वुल्फ’ हा त्याचा कथासंग्रह काढला. वृत्तपत्रातल्या त्या बक्षिसाला तेव्हा सात वर्षं होत आली होती.

कादंबरीकार व्हायला आणखी वेळ लागला. ‘अ डॉटर ऑफ द स्नोज’ लिहिताना प्रकाशक मॅक्‌क्लुअर त्याला दरमहा उचल देत होते. हस्तलिखित त्यांना आवडलं नाही, म्हणून १९०२ साली लिपिंकॉटनं ते छापलं. डझनभर कादंबऱ्यांना पुरेल इतका ऐवज आपण एकीतच उधळला, असं जॅकलाही वाटत होतं. पुढच्याच वर्षी, १९०३मध्ये, ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आली. तिचे ग्रंथहक्क त्यानं मॅकमिलनला २,००० डॉलरला एकरकमी विकले.

जॅकला आपण स्वयंशिक्षित म्हणतो आणि ते खरंच आहे. पदवी त्याच्याकडे नव्हती. पण ग्रंथपाल, गुत्तेवाला, आई, बहीण आणि एक नेमका संपादक यांनी वेळोवेळी हात दिला नसता, तर त्याची चिकाटी कुठवर पुरली असती? आणि हेही तितकंच खरं, की पोस्टाची नोकरी नाकारताना त्याच्या वतीनं निर्णय घेणारं कुणी नव्हतं.