जुन्नरच्या लेण्यांत कॅमेरा

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्यात, गिरिजात्मजाचे दर्शन घ्यावे, आणि खिशातला मोबाईल काढून चार फोटो टिपावेत, हा आता सर्वांचाच परिपाठ झाला आहे. पण घरी येऊन पाहावे तर काय? लेणे म्हणजे एक काळा डाग आणि बाहेरचे आकाश पांढरेफटक! आपण यंत्राला दोष देऊन मोकळे होतो. खरे म्हणजे दोष यंत्राचा नसतो. या लेण्यांची नोंद करू पाहणाऱ्या जुन्या माणसांना काय काय करावे लागले, ती हकिगत ध्यानात घेतली, तर फोटो कसा काढावा हेही उमगते.

ही हकिगत फोटोग्राफीच्याही आधी सुरू होते. दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख हाताने उतरवून घेतले. त्या नकला १८३७ साली छापून आल्या. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप याने केला तोही १८३७ च्याच सुमारास. म्हणजे नकला उतरवल्या गेल्या तेव्हा ती अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती! अर्थ न कळता अक्षर उतरवायचे म्हणजे एखादी रेघ सुटणार, एखादी खडकातली भेग अक्षर म्हणून कागदावर येणार. हात कितीही प्रामाणिक असो, डोळ्याला जे कळत नाही तिथे तो चुकतोच.

पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८३९ मध्ये, दागेर याची छायाचित्र घेण्याची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली. १८५१ साली आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची पद्धत काढली. आणि आपली मुंबई मागे राहिली नाही बरं का! १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग उघडला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

ही ओली काच म्हणजे मोठे जिकिरीचे काम. काचेवर रसायन ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली आहे तोवर चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात धुवायची. काच वाळली की सारा खेळ संपला. डोंगरावर जायचे तर काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखाचा तंबू हे सगळे माणसांच्या डोक्यावर. असा खटाटोप असल्यावर कोण उगाच काच वाया घालवील? आधी पाहायचे, विचार करायचा, मग झाकण काढायचे. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि हे ओझे पुष्कळ हलके झाले. आपल्या मोबाईलमध्ये काच वाया जात नाही, म्हणून विचारही होत नाही.

तो विचार कोणता? पहिला उजेडाचा. लेण्याद्रीची लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. जूनमध्ये भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. तो आत काय शिरणार? हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो आणि किरणे ओसरीतून आत येतात. तेव्हा मार्गशीर्ष-पौषातला दिवस धरा. शिलालेख टिपायचा असेल तर समोरून झगझगीत दिवा मारू नका. उजेड बाजूने, तिरपा येऊ द्या. अक्षराच्या खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. आत उजेड कमी असेल तर दाराशी एक पांढरे धोतर ताणून धरा. त्यावरचे ऊन परतून आत जाते.

दुसरा विचार छिद्राचा आणि वेळेचा. हौद भरायचा असेल तर मोठ्या नळाने लवकर भरतो, लहान नळाने उशीर लागतो. कॅमेऱ्याचेही तसेच. भिंगाचे छिद्र मोठे ठेवाल तर थोडा वेळ पुरतो, लहान ठेवाल तर जास्त लागतो. मग लहान ठेवायचेच कशाला? सहाव्या लेण्याच्या चैत्यगृहात पुढचे खांब आणि मागचा स्तूप दोन्ही स्पष्ट हवेत ना? ते लहान छिद्रानेच साधते. मात्र वेळ वाढला की हात हलतो. म्हणून तिकाटणे घ्या, नाहीतर कॅमेरा दगडावर टेकवा.

तिसरा विचार नोंदीचा. लेखाशेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो घ्या. तारीख, जागा, दिशा लिहून ठेवा. अक्षरांत खडू मात्र भरू नका. आपल्या हौसेपायी दगडाला इजा नको.

एवढे करायचे कशासाठी, असे विचाराल. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जा. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. श्री सातकर्णी आणि राणी नागनिका यांची नावे आजही भिंतीवर आहेत. खाली मात्र पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. चेहरे गेले ते गेलेच.

आणि हे फक्त राजांच्याच बाबतीत घडते असे नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे; मूळ गाव जलाशयात आहे. त्याच तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराच्या दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. धरण येणार हे आधी कळते, दरड सांगून येत नाही.

तेव्हा कॅमेरा शिकायचा तर लांब कशाला जायचे? लेण्याद्री जरूर टिपा. पण त्याआधी आपल्या गावची वेस, पार, घराची ओसरी आणि ओसरीवर बसलेली आजी, यांचा एकेक नीट फोटो काढा. मागे नाव आणि तारीख लिहा. कर्नल साइक्स यांना आपण उतरवलेल्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नव्हता, तरी त्यांनी ती उतरवली. आपल्याला तर अर्थ ठाऊक आहे!