चूळ भरण्याचा इतिहास : ‘नैसर्गिक’ माउथवॉश निवडण्यापूर्वी

“डॉक्टर, ते बाटलीतलं रंगीत पाणी नको. सगळं केमिकल असतं त्यात. काहीतरी घरगुती सांगा ना.”

हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वरचेवर येतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका बाईंनी तो विचारला होता. बाजारचा माउथवॉश तोंडात झोंबतो म्हणून त्यांनी तो बंद केला होता आणि ओव्याच्या पाण्याने चुळा भरायला सुरुवात केली होती. आता तेही झोंबू लागले होते. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी थोडे मागे जाऊ, कारण ‘नैसर्गिक की केमिकल’ ही विभागणी कितपत खरी आहे, हे माउथवॉशच्या इतिहासात फार चांगले दिसते.

जुन्या ग्रंथांतली चूळ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात रोजच्या दिनक्रमाचा भाग आहे. दातवण कसे करावे, जीभ कशी खरवडावी, तोंडात तेल धरल्याने काय होते, हे सगळे तिथे येते. सुश्रुतसंहितेने तर चुळीचेही दोन प्रकार केले आहेत. तोंड इतके भरायचे की आतला द्रव हलवताच येणार नाही, तो गंडूष. खुळखुळवता येईल इतकाच घ्यायचा, तो कवल. आज ‘ऑइल पुलिंग’ नावाने जे परदेशातून आपल्याकडे परत आले, त्याचे मूळ इथे आहे.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, नुसती चूळ कुठेच सांगितलेली नाही. काडी चावून तिचा कुंचला करून दात घासणे हा दिनक्रमाचा भाग होताच. दुसरी, चरकाने दातवणासाठी सांगितलेल्या झाडांत करंज, अर्जुन, असाणा यांच्याबरोबर रुई आणि कण्हेरही आहे. कण्हेरीतील द्रव्ये हृदयाचे ठोके बिघडवतात, त्यामुळे आज मी कोणालाही कण्हेरीची काडी तोंडात घालू देणार नाही. झाडपाल्याचे आहे म्हणून ते निर्धोक, असे नसते.

याचे आणखी टोकाचे उदाहरण रोमन काळातले आहे. कॅटलस या कवीने एग्नेशियस नावाच्या माणसाची टर उडवली आहे, कारण तो दात पांढरे करण्यासाठी मूत्र वापरणाऱ्या प्रदेशातला होता. मूत्रातून तयार होणाऱ्या अमोनियामुळे डाग निघतात, हे खरे. आणि मूत्राइतके ‘नैसर्गिक’ दुसरे काय असणार!

डेल्फ्टच्या कापडवाल्याचा प्रयोग

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग एका कापडव्यापाऱ्याने केला. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक फावल्या वेळात स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवत असे. १६८३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, चूळ भरतो, तरीही काही दातांमध्ये पिठासारखा पांढरा थर राहतो, असे त्याने त्यात सांगितले. तो थर पावसाच्या पाण्यात मिसळून पाहिला, तर त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करत होते. माणसाच्या तोंडातले जंतू दिसल्याची ही पहिली नोंद.

मग त्याने व्हिनेगर वापरून पाहिले. बाहेर काढलेल्या थरात व्हिनेगर मिसळले की जीव मरत. पण व्हिनेगरने चूळ भरून नंतर दातांवरचा थर तपासला, तर आतले जीव जिवंतच. व्हिनेगर फक्त वरच्या जीवांना मारते, थराच्या आत शिरत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला.

आज आपण या थराला प्लाक म्हणतो. जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून त्यात राहतात. कोणत्याही चुळीची खरी मर्यादा ही आहे, मग ती ओव्याची असो की बाटलीतली. थर आधी घासून मोडावा लागतो.

ओव्याचा अर्क बाटलीत

१८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. त्याच्या नावावरून अमेरिकेतील सेंट लुईस येथे जोसेफ लॉरेन्स या डॉक्टरने १८७९ मध्ये एक द्रव तयार केला : लिस्टरिन. सुरुवातीला तो शस्त्रक्रियेसाठी आणि जखमा धुण्यासाठी होता. पुढे दंतवैद्य वापरू लागले आणि १९१४ पासून तो चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागला.

त्यात काय होते? थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. म्हणजे अनुक्रमे ओव्याला वास देणारे द्रव्य, पुदिन्याच्या जातीतले, निलगिरीचे आणि गंधपुऱ्याचे. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई. त्यामुळे बाटलीतले ‘केमिकल’ टाकून ओव्याचे पाणी घेणाऱ्या माझ्या रुग्णबाई प्रत्यक्षात त्याच द्रव्याकडे परत गेल्या होत्या, फक्त मात्रा अनिश्चित होती. फरक एक होता. ही तेले पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून मूळ लिस्टरिनमध्ये जवळपास २७ टक्के अल्कोहोल असे. तोंड झोंबण्याचे आणि कोरडे पडण्याचे ते एक कारण. आज अल्कोहोलविरहित प्रकारही मिळतात.

विक्री मात्र औषधामुळे नव्हे, भीतीमुळे वाढली. १९२० च्या दशकात कंपनीने ‘हॅलिटोसिस’ हा भारदस्त शब्द घराघरात नेला. तोंडाला वास येतो म्हणून लग्न न जमणाऱ्या तरुणींच्या जाहिराती आल्या. सर्दी टळते असाही दावा अनेक दशके चालला. अखेर १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला आदेश दिला की, या द्रवाने सर्दी टळत नाही, हे तुम्हीच तुमच्या जाहिरातीत सांगा.

बारा जण आणि एक खरे ‘केमिकल’

१९६५ मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच त्या बऱ्या झाल्या. हिरड्यांच्या सुजेचे कारण प्लाक आहे, हे यातून पक्के झाले.

१९७० मध्ये ल्यो यांनीच क्लोरहेक्सिडीनची चूळ प्लाक साठू देत नाही, हे दाखवले. हे मात्र पूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेले रसायन आहे आणि परिणामकारक आहे. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, ब्रश करता येत नसेल तेव्हा, थोड्या दिवसांसाठी ते उत्तम. पण फार दिवस वापरले तर दात तपकिरी होतात आणि चव बदलते. शिवाय जिभेवरचे काही जंतू उपयोगी असतात. पालेभाज्यांतल्या नायट्रेटचे ते नायट्राइट करतात आणि त्याचा रक्तदाबाला फायदा होतो. २०१३ मध्ये लंडनमध्ये १९ निरोगी लोकांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडीनच्या चुळा भरल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी वाढला. अभ्यास छोटा आहे, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय अशी चूळ महिनोन्‌महिने भरू नये, एवढे त्यातून घ्यावे.

आपल्या घरातली मशेरी

आता आपल्याकडचे ‘नैसर्गिक’ उदाहरण. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक घरांतल्या आजी, मावशी, काकू मशेरी लावत आल्या आहेत. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात दुखायचे थांबतात, अशी समजूत. पान शेतातले, भाजणे घरचे, कंपनीचा संबंध नाही. आणि यातूनच तोंडाचा कर्करोग होतो. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कायदा पोहोचत नाही.

मग काय निवडायचे?

- मिठाचे कोमट पाणी : पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. दात काढल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून, घसा किंवा हिरडी दुखत असताना उत्तम. गिळू नये.
- खाण्याचा सोडा : पेलाभर पाण्यात अर्धा चमचा. आंबटपणा कमी होतो. तोंड कोरडे पडणाऱ्यांना आणि वारंवार उलट्या होणाऱ्यांना उपयोगी.
- तेलाची चूळ : आवडत असेल तर भरा. फायदा दाखवणारे अभ्यास छोटे आहेत. ती ब्रशची जागा घेत नाही. ठसका लागून तेल फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून गिळायला त्रास असलेल्या वृद्धांना नको.
- ओवा, लवंग : उकळून गाळलेले सौम्य पाणी चालेल. लवंगेचे तेल तसेच लावू नका, कातडे भाजते.
- लिंबू, व्हिनेगर : नको. आम्लाने दातांचे कवच झिजते.

आणि या सगळ्याआधी, दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, दातांच्या फटींची आणि जिभेची सफाई. तरीही वास येत राहिला तर तो चुळीने झाकू नका. दंतवैद्याकडे जा आणि साखर तपासून घ्या.

त्या बाईंच्या तोंडात मी बॅटरी मारून पाहिले. खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी पांढरा चट्टा होता आणि त्यात एक न भरलेली जखम. मशेरी लावता का विचारले, तर म्हणाल्या, “ती तर लहानपणापासून, त्यात काय केमिकल आहे?” तुकडा काढून तपासला. कर्करोग होता, सुरुवातीचा. शस्त्रक्रिया झाली, मशेरी सुटली. आज त्या रक्तदाब दाखवायला येतात. आधी माउथवॉश आणि मग ओव्याचे पाणी यात मात्र पाच महिने गेले होते.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, चुळीने झोंबणारी एकच जागा, यांपैकी काहीही असेल तर कोणती चूळ चांगली हे विचारत बसू नका. महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, ओठ आणि गाल उलटवून पाहा. घरात मशेरी लावणारे कोणी असेल तर त्यांचेही तोंड पाहा.