स्प्रिंग कोणाच्या वजनाची? ॲडव्हेंचर मोटरसायकलच्या सस्पेन्शनचा इतिहास

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तुमच्या गाडीच्या मागच्या चाकापुढे, सीटच्या खाली, चिखलाने माखून बसलेला आहे. शॉकअप. त्याच्यावर खाचा असलेली एक रिंग असते. महागड्या ॲडव्हेंचर गाडीवर बाजूला एक घुंडी असते, शिवाय एखादा बारीक स्क्रू, जो फिरवला की बोटांना टक टक असा खटका लागतो.

बऱ्याच गाड्यांवर ही रिंग शोरूममधून निघताना जिथे होती तिथेच गाडी विकेपर्यंत राहते. पण त्याच गाडीवर सोमवारी साठ किलोचा एकटा माणूस ऑफिसला जातो, आणि तोच माणूस जूनमध्ये कुणाला तरी डबलसीट घेऊन, दोन्ही बाजूंना पेट्या लावून लेहला निघतो. गाडीला यातलं काही कळत नाही. ते तिला कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगायची सोय गाडीवर कशी आली, याची ही गोष्ट.

आधी दोन कामं वेगळी करून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास या दोन कामांचा आहे. स्प्रिंगचं काम वजन पेलणं. पण नुसती स्प्रिंग असेल तर एका खड्ड्यानंतर गाडी उड्या मारतच राहील. ती ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. शॉकअपमध्ये एक दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक वाटांमधून ढकललं जातं, थोडं तापतं, आणि उड्या थांबतात. याला डॅम्पिंग म्हणतात. दाबताना होतं ते कंप्रेशन, परत उलगडताना होतं ते रिबाउंड. आणि ती खाचांची रिंग? ती स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवते. त्याला प्रीलोड म्हणतात. इथे एक मोठा गैरसमज आहे. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त वजनाखाली गाडी कमी बसते, म्हणजे मागून उंच राहते.

आता मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नव्हतं. मागचं चाक सरळ चौकटीला आवळलेलं, आणि चालकाच्या पाठीची काळजी सीटखालच्या दोन स्प्रिंगांवर. अपवाद होते. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ पासूनच आपल्या गाड्यांना मागे स्प्रिंग दिली होती. पुढे मात्र बहुतेक गाड्यांना गर्डर फोर्क असायचा: वर एक स्प्रिंग, आणि सांध्यांवर एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या. तेल नाही, नुसतं घर्षण. आणि त्या चकत्या आवळायला बाजूला हाताने फिरवायची एक चकरी. रस्ता खराब लागला की चालक ती फिरवायचा. म्हणजे सस्पेन्शन आपल्या हाताने जुळवणं हे आजचं फॅड नाही, निदान शंभर वर्षं जुनं आहे.

१९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर१२ आणि आर१७ या गाड्यांवर तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क आणला. एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग आणि तेल. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांचा पुढचा भाग याच घराण्यातला. पण एक गोष्ट हरवली. ती चकरी गेली. डॅम्पिंग नळीच्या आत बंद झालं आणि चालकाच्या हातातून सुटलं.

मागच्या चाकाचा वाद अजून चालूच होता. चिखलात, दगडांवर चालणाऱ्या ट्रायल स्पर्धांमधले जाणते लोक म्हणायचे की मागचं चाक घट्ट बसवलेलंच बरं, स्प्रिंग लावली की पकड जाते. त्या समजाला मोठा धक्का दिला तो आपल्या ओळखीच्या गाडीने. १९४८ मध्ये रॉयल एनफिल्डची नवी ३५० सीसी बुलेट, मागे स्विंगआर्म आणि दोन शॉकअप लावून, ट्रायलमध्ये उतरली. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमो इथे आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची स्पर्धा झाली. जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या, आणि त्या दोन्ही चालकांना सुवर्णपदक मिळालं. कारण साधं आहे. चाक हवेत असेल तर पकड शून्य, आणि स्प्रिंग चाकाला जमिनीवर ठेवते. पुढे हीच बुलेट भारतीय लष्कराने घेतली आणि १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. डोंगरातल्या वाटा आणि बुलेट हे नातं आपल्याकडे तेव्हापासूनचं.

मागे स्प्रिंग आली, आणि लगेच नवा प्रश्न आला. वजन कोणाचं धरायचं? पुढच्या फोर्कवर येणारं वजन फारसं बदलत नाही. मागच्या चाकावर मात्र कधी एक माणूस, कधी दोन, कधी दोन आणि वर पोतं. वेलोसेट या बर्मिंगहॅमच्या कंपनीचं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी मागच्या शॉकअपचं वरचं टोक एका वक्र खाचेत बसवलं. एकटे असाल तर टोक पुढे सरकवा, शॉकअप तिरका होतो, गाडी मऊ. डबलसीट असाल तर उभा करा, गाडी ताठ. बाकीच्यांनी सोपा मार्ग घेतला: शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांची रिंग आणि ती फिरवायला आकडीचा पाना. गर्लिंगच्या तीन पायऱ्यांच्या शॉकअपांनी ही पद्धत रूढ केली. तुमच्या टूलकिटमध्ये वाकडा, वापरायचा कसा हे न कळणारा एक पाना असतो ना? तो त्या काळातला पाहुणा आहे.

पुढची उडी सत्तरच्या दशकातली, मोटोक्रॉसमधली. तोपर्यंत मागचं चाक साधारण १०० मिलिमीटर वरखाली व्हायचं. बेल्जियमचे अभियंते ल्युसियाँ टिल्केन्स यांनी दोन शॉकअप काढून पेट्रोलच्या टाकीखाली एकच लांब शॉकअप आडवा बसवला. यामाहाने ती कल्पना घेतली आणि १९७३ मध्ये स्वीडनचा होकान अँडरसन या सस्पेन्शनवर २५० सीसीचा विश्वविजेता झाला. मग शर्यतच लागली. दशक संपेपर्यंत मोटोक्रॉस गाड्यांची चाल ३०० मिलिमीटरच्या घरात गेली. याच काळात स्वीडनमध्ये १९७६ साली ओलिन्स आणि नेदरलँड्समध्ये १९७७ साली व्हाइट पॉवर, म्हणजे आजची डब्ल्यूपी, या कंपन्या उभ्या राहिल्या. शर्यतीच्या शॉकअपवर बाहेरून फिरवायचे खटके आले. चाळीस वर्षांपूर्वी हरवलेली ती चकरी परत आली, आता तेलाच्या वाटा लहानमोठ्या करायला.

लांब चालीने एक गोष्ट महत्त्वाची करून ठेवली. चाल १०० मिलिमीटर असताना अंदाज चुकला तर गाडी थोडी खाली बसते. चाल २०० असेल तर चुकीचा फरकही दुप्पट होऊ शकतो, आणि गाडीची भूमितीच बदलते. मागचं बूड खाली गेलं की पुढचं चाक हलकं होतं. हँडल जड, वळणात गाडी बाहेर ओढते. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी येत असताना गाडी वळणाबाहेर सरकणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता ॲडव्हेंचर गाडी. २६ डिसेंबर १९७८ रोजी थिएरी साबीन यांची पहिली पॅरिस-डकार रॅली निघाली. जवळपास दहा हजार किलोमीटर. मोटरसायकलींत सिरिल नेव्हू पहिला आला, यामाहा एक्सटी५०० वर. साधी, दोन शॉकअपची गाडी. पण अशा रॅलीने जुना प्रश्न मोठा केला. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे तीस किलो. सकाळी टाकी भरलेली, संध्याकाळी रिकामी. एकाच दिवसात गाडीचं वजन एका शाळकरी मुलाएवढं बदलतं.

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर८०जी/एस बाजारात आणली. पुढे २०० मिलिमीटर चाल, मागे १७०. १९८१ ला युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर डकार जिंकली आणि एक नवा वर्गच तयार झाला. मोटोक्रॉसची गाडी दगडांवर जाते, पण एकच माणूस घेऊन. टूरिंगची गाडी दोघांना आणि सामानाला नेते, पण डांबरावरून. या नव्या गाडीकडून दोन्ही अपेक्षा. म्हणून हातमोजे न काढता फिरवता येईल अशी प्रीलोडची घुंडी मोठ्या गाड्यांवर बाजूला आली. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१२००एस वर हे काम बटणावर गेलं: एकटा, एकटा आणि सामान, किंवा दोघं. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर१२००जीएस वर ते ॲडव्हेंचरमध्ये पोहोचलं, आणि २०१३ मध्ये डुकाटीच्या मल्टीस्ट्राडा १२०० वर चालता चालता स्वतः डॅम्पिंग बदलणारं सस्पेन्शन आलं.

आपल्याकडे काय? २०१६ ची हिमालयन, पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर. २०१९ ची एक्सपल्स २००, पुढे १९० आणि मागे १७०. लांब चाल सामान्य माणसाच्या बजेटमध्ये आली, ही मोठी गोष्ट. पण या गाड्यांना तुमचं वजन कळत नाही. इथे अजून आकडीचा पानाच आहे.

तर काय करायचं? एक टेप आणि एक मित्र. मागचं चाक अधांतरी धरून चाकाच्या आसापासून वर सरळ रेषेत सीटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी उतरवा, हेल्मेट-जॅकेटसकट बसा, सामान लावायचं असेल तर तेही लावा, आणि परत मोजा. फरक म्हणजे गाडी किती बसली. तो साधारण एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा. १८० ची चाल असेल तर ५५ ते ६० मिलिमीटर. जास्त बसत असेल तर रिंग आवळा, कमी बसत असेल तर सैल करा. एवढं आवळूनही जमत नसेल, किंवा जमलं पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने अजिबात बसत नसेल, तर ती स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. मग रिंगशी भांडू नका, स्प्रिंग बदला. खटके असतील तर आधी पूर्ण बंद करून किती खटके होते ते मोजा, लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

जाता जाता एक. कंपनी गाडी बनवते तेव्हा तिच्या मनात एक सरासरी चालक असतो. तो तुम्ही नसता. पन्नास किलोची एखादी मुलगी लांब चालीच्या गाडीवर बसते, गाडी दगडांवर तिला फेकते, आणि ती म्हणते, "मला नाही झेपत ही गाडी." तिचे मित्रही मान डोलवतात. खरं तर ती दुसऱ्या कुणाच्या वजनाला लावलेल्या स्प्रिंगवर बसलेली असते. त्या चकरीपासून त्या बटणापर्यंत, शंभर वर्षं लोक हेच सोडवत आलेत की गाडीने माणसाप्रमाणे बदलावं. त्यांनी सोय करून ठेवली आहे. पुढच्या राइडच्या आधी पंधरा मिनिटं काढा आणि ती वापरा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीचा आकडा किती आला ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा.