ज्याचा फोटो छापला, तोच लक्षात राहिला

मंडळी, चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना 'बिग फन' आठवत असेल. च्युइंगमसोबत क्रिकेटपटूचं छोटं कार्ड निघायचं. त्यावर धावा किंवा विकेट छापलेल्या असायच्या. त्या जमवल्या की बक्षीस. च्युइंगमची चव कोणाला पाहिजे होती? पोट्ट्यांना पाहिजे होता कपिल.

हा प्रकार आपला नाही. अमेरिकेत बेसबॉलपटूंची अशी कार्डं १९व्या शतकातच सिगारेटच्या पाकिटात येऊ लागली. होनस वॅग्नर नावाचा खेळाडू लहानपणी कोळसा खाणीत राबलेला. १९०९ ते १९११च्या दरम्यान निघालेलं त्याचं एक कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं. म्हणजे पन्नास कोटींच्या वर! तिथं आजोबांची कार्डं नातवाकडं जातात आणि त्यासोबत खेळाडूची गोष्टही जाते.

आपल्याकडं गोष्टी कमी आहेत काय? भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ला नागपुरात जन्मले. १९८७च्या विश्वचषकात त्याच तारखेला, त्याच नागपुरात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली. विश्वचषकातली ती पहिली. त्याच सामन्यात गावसकरांचं वनडेतलं एकमेव शतक झालं.

त्याआधीचे पळवणकर बाळू तर किती जणांना माहीत आहेत? दलित समाजातला हा डावखुरा फिरकीपटू. पुण्यात खेळताना त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ला त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आमच्या पिढीनं शेकडो कार्डं जमवली, पण बाळूंचा फोटो कधी हाती आला नाही. ज्याला जिवंतपणी चहाच्या टेबलावर जागा नव्हती, त्याला नंतर आठवणीतही जागा मिळाली नाही.

विदर्भाचंही तसंच. १९५७-५८ पासून आपण रणजी खेळतो. पहिला करंडक आला २०१७-१८ ला, फैज फजलच्या नेतृत्वात. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली. मग २०१८-१९, मग २०२४-२५. या शेवटच्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आणि उमेश यादव? त्याचे वडीलही कोळसा खाणीतच कामाला होते, वॅग्नरसारखीच गोष्ट. पण आपल्या गावातल्या लेकरांना मुंबई-चेन्नईच्या आयपीएल संघांतले पंधरा खेळाडू पाठ असतात, विदर्भाचे पाच सांगता येत नाहीत. चूक लेकरांची नाही. त्यांना दाखवलं कोणी?

आता आपल्या टेनिस बॉल सामन्यांचे फ्लेक्स बघा. वर वीस नेते हात जोडून उभे, खाली बक्षिसाची रक्कम. मागच्या वर्षी ज्यानं सामना काढला, त्या पोराचा फोटो कुठंच नाही. पाच वर्षांनी त्याचं नाव कोण सांगेल?

म्हणून इंझोरी आणि आसपासच्या मंडळांना एकच विनंती. यंदा फ्लेक्सवर दोन नेते कमी करा आणि मागच्या वर्षीच्या विजेत्या संघाचा फोटो लावा. स्कोअरबुक रद्दीत देऊ नका. आणि तुमच्या गावातल्या जुन्या चांगल्या खेळाडूचं नाव, तो कोणत्या साली खेळायचा ते खाली कमेंटमध्ये लिहा. मी वही काढून बसलो आहे.