चि. सौ. कां.ला पुरेल अशी चौकट

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की कामठी मागे पडते, नदीवरचा पूल येतो आणि पलीकडे कन्हान लागतं. रामटेकचा रेल्वेफाटा इथूनच फुटतो. आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसाखाणी आहेत आणि खाणींमुळे जमलेली वस्ती मराठी-हिंदी मिसळून बोलते. अशा गावांतल्या व्हिडिओ मिक्सिंगच्या धंद्याकडे इतिहास लिहिणारे सहसा फिरकत नाहीत. पण लग्नसराईत तिथल्या संगणकांवर जी टायटलं बसवली जातात, त्यांत मराठी छपाईची जुनी डोकेदुखी जशीच्या तशी उतरली आहे.

डोकेदुखी अशी. विकत मिळणाऱ्या टायटल टेम्प्लेटमध्ये सजावट, रंग, हालचाल सगळं आधीच ठरलेलं असतं. नावापुरती जागा मोकळी. ही जागा बहुतेक वेळा रोमन लिपीतली दोन आटोपशीर नावं डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असते. इकडे मात्र आधी 'चि. सौ. कां.', मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, अशी कोळशाच्या मालगाडीएवढी लांब ओळ. ती चौकटीबाहेर जाते. अक्षर लहान केलं तर मांडवातल्या पडद्यावर वाचता येत नाही, आणि वडिलांचं नाव गाळलं तर वडील विचारणारच.

मजकूर तोच ठेवून नावं तेवढी बदलायची, ही युक्ती व्हिडिओवाल्यांनी काढलेली नाही. गावोगावच्या ट्रेडल मशिनवर लग्नपत्रिका छापणारे ती कित्येक वर्षं वापरत होते. गणपतीचा ब्लॉक, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'ची ओळ, वेलबुट्टीची किनार असा सांगाडा सुतळीने बांधून ठेवायचा. नवं गिऱ्हाईक आलं की नाव, तिथी आणि स्थळ यांचेच खिळे बदलायचे. नाव लांबलं तर जुळारी शब्दांमधली फट कमी करी किंवा एक ओळ वाढवी. चौकट त्याच्या हातातली होती, म्हणून ती ऐकत असे.

त्याआधी शिळाछाप होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये छापलेलं पंचांग शिळाप्रेसवरचं. तिथे अक्षर हातानेच लिहिलेलं, त्यामुळे मापाचा प्रश्न लिहिणाऱ्याच्या बोटांतच सुटत होता. खिळे आले तसा तो उभा राहिला. रोमन अक्षराला एक खिळा पुरतो. देवनागरीत मधलं अक्षर, डोक्यावरची मात्रा, वेलांटी, रफार, पायाशी उकार आणि वर जोडाक्षरांचं लटांबर. डिग्री पद्धतीच्या जुळणीत हे मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी एकावर एक रचावे लागत. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या अक्षरांचा देखणेपणा आजही जुन्या पोथ्यांत दिसतो, पण त्या देखणेपणामागे खिळ्यांच्या भरगच्च केसी होत्या. हा पसारा आवरावा म्हणून पुढे थेट लिपीलाच कात्री लावायचे प्रयत्न झाले. सावरकरांची 'अ'ची बाराखडी त्यांतली सर्वांत ठळक. यंत्र बदलत नसेल तर अक्षर बदला, असा तो युक्तिवाद. लोकांनी तो मानला नाही, आणि ते बरंच झालं म्हणायचं.

पडद्यावर मराठी अक्षर आणलं ते दादासाहेब फाळक्यांनी. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा प्रसंगांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत होत्या. भाषा इंग्रजी, हिंदी आणि मराठी. फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकलेले, शिवाय छपाईचा धंदा केलेले. पाटीवर मजकूर किती मावतो आणि तो वाचायला किती वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारचा मोठ्याने वाची, म्हणजे पाटी तितका वेळ टिकायलाही हवी. 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि मधल्या पाट्या गेल्या. उरलं ते सुरुवातीचं नाव आणि श्रेयनामावली.

या उरलेल्या जागेत महाराष्ट्रात जे घडलं, ते टेम्प्लेटच्या अगदी उलट होतं. कमल शेडग्यांनी नाटकांची आणि चित्रपटांची जी शीर्षकं रेखाटली, त्यांत प्रत्येक नावाला स्वतःचं अक्षर मिळे. आधी शब्द, मग त्याच्या अंगाने चौकट. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात लांबून पाहूनही प्रेक्षक नाटक ओळखत. रोज पाचपन्नास नावं लागणाऱ्या माध्यमाला मात्र ही चैन परवडणारी नव्हती.

ते माध्यम 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शनच्या रूपाने आलं. त्या काळच्या टीव्हीत नावं काळ्या कार्डांवर पांढऱ्या रंगात लिहिली जात, कार्ड स्टँडवर लावून एक कॅमेरा त्यावर रोखला जाई आणि तांत्रिक मिश्रणात काळं गळून पांढरं तेवढं चित्रावर उमटे. कार्डाचा आकार ठरलेला, कडेची सोडायची जागा ठरलेली, लिहिणारा हात मात्र माणसाचा. हेही टेम्प्लेटच, पण लवचिक. नाव लांब असेल तर कलाकार अक्षर थोडं आवळून लिही.

परदेशात तोवर कॅरॅक्टर जनरेटर आले होते. अमेरिकेत कायरॉन, ब्रिटनमध्ये ॲस्टन. बातम्यांच्या मराठी न्यूजरूममध्ये पडद्याच्या तळाशी येणाऱ्या नावपट्टीला 'ॲस्टन' म्हणतात ते या दुसऱ्या कंपनीवरून. यंत्र गेलं, नाव राहिलं. या यंत्रांची रचना एका कळीला एक अक्षर अशी होती. देवनागरी तिथे बसत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान म्हणूनच महत्त्वाचं. कळ दाबणारा उच्चाराच्या क्रमाने टंकणार आणि वेलांटी कुठे, रफार कुठे हे यंत्र ठरवणार, ही कल्पना तिथे रुजली.

कन्हानसारख्या गावात यातलं काही पोचायच्या आधी व्हीएचएस कॅसेट पोचली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे टायटलची सोय नसे, म्हणून तो सरळ पत्रिकेवरच कॅमेरा धरी: ट्रेडलवर छापलेलं टायटल फुकटात मिळे. नाहीतर स्टेजमागच्या मखमलीवर थर्माकोलची कापलेली नावं असत, त्यांच्यावरून कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरे. (2018 च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर त्या अक्षरांची जागा कागद, फोम आणि एलईडीने घेतली.) संगणक आल्यावर एडियस हे सॉफ्टवेअर लग्नवाल्यांच्या धंद्यात घट्ट रुतलं आणि त्याच्यासाठीचे तयार 'प्रोजेक्ट' डीव्हीडीवर, मग पेनड्राइव्हवर विकले जाऊ लागले. फोटो टाका, नाव टाका, चालवा.

इथेच जुनी गाठ पुन्हा आवळली गेली. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. पण कोड असणं वेगळं आणि सॉफ्टवेअरला अक्षर जोडता येणं वेगळं. ज्या प्रोग्रॅमला जोडणी येत नव्हती, त्यात 'किरण'मधली वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसे आणि 'स्मिता'चे पाय तुटून हलंत लटकत. उपाय म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्ट: कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश. त्यांत वेलांटी हे नुसतं एक चित्र, दिसतं त्या क्रमाने टंकायचं. सॉफ्टवेअरला लिपी कळायची गरजच नाही. सरकारी कार्यालयं आणि वर्तमानपत्रं युनिकोडकडे वळल्यावरही व्हिडिओच्या दुकानात हे फॉन्ट टिकून राहिले, ते आळसामुळे नव्हे. त्यांच्याशिवाय नाव धड उमटत नव्हतं.

हलती टायटलं करायचं आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर 1993 मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी ॲडोबीकडे गेलं. 2017 मध्ये त्यातून ॲडोबीच्याच प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरसाठी मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट बनवायची सोय झाली: आखणाऱ्याने नाव, रंग, माप एवढीच हँडल बाहेर ठेवायची, बाकी यंत्रणा आत बंद. मागची पट्टी अक्षरांप्रमाणे आपोआप रुंदावावी यासाठी आत एक सूत्र लिहितात. ते अक्षरांना त्यांची लांबी-उंची विचारतं आणि पट्टी तेवढी करतं. रोमन लिपीत हे बऱ्यापैकी चालतं. मराठीत 'कमल' लिहिलं की पट्टी बुटकी, 'सुनीती' लिहिलं की वरून वेलांटी आणि खालून उकार तिला ताणतात. एकाच लग्नातल्या दहा नावांच्या दहा पट्ट्या वेगवेगळ्या उंचीच्या होतात आणि अक्षरांची शिरोरेषा प्रत्येक वेळी वर-खाली उडी मारते. यावरचा उतारा म्हणजे रुंदी खऱ्या नावावरून मोजायची. उंचीसाठी मात्र रफार, वेलांटी, अनुस्वार आणि उकार असलेला एक निरर्थक शब्द पडद्यामागे लपवून ठेवायचा आणि माप त्याचं घ्यायचं. एकेक अक्षर टपकत येण्याची हालचालही टाळायची, कारण शिरोरेषेचे तुकडे होऊन पडताना पाहणं कुणालाच आवडत नाही.

फॉन्टचीही परीक्षा घ्यावी लागते. हिंदी धरून काढलेल्या काही फॉन्टांत 'ऱ्ह' नीट उमटत नाही, आणि विदर्भातल्या लग्नात 'वऱ्हाड'च चुकलं तर काय उरलं? 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं कोणती, हे राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात आखून दिलं होतं. 'एक टाइप'सारख्या अक्षरकारांच्या फॉन्टांत मराठी वळणं असतातही, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं तरच ती बाहेर येतात.

कन्हान-कामठीच्या पट्ट्यात आणखी एक अट येते. बाजारातल्या बहुतेक भारतीय लग्न-टेम्प्लेटमध्ये सुरुवातीचा गणपती चित्रातच कोरलेला असतो, काढता येत नाही. 1956 च्या बौद्ध धर्मांतराच्या या मुलखात, कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर जवळ असताना, 'मंगल परिणय'च्या टायटलवर बुद्ध आणि बाबासाहेब हवे असतात. कामठीतल्या मुस्लिम वस्तीतून उर्दू टायटलची मागणी येते आणि तिथे ओळ उजवीकडून सुरू होते. म्हणजे चिन्ह बदलता यायला हवं, आणि पट्टी कोणत्या बाजूने वाढणार हेही. ॲडोबीने दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्या एकाच पर्यायाखाली घातल्या, त्यामुळे या कामाला आता एकच मशीन पुरतं.

अलीकडे छापील पत्रिकेआधी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पत्रिका जाते. तिचा अवधी मिनिटभराचा. त्यात निमंत्रक, आप्तेष्ट, आजी-आजोबा आणि तळाला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल, सगळे यायलाच हवेत. घरातली मुलं ही पत्रिका फोनवर स्वतः करून पाहतात. नावं मावेनाशी झाली की मग ती यादी मिक्सिंगवाल्याकडे येते, आणि तो ती सिनेमाच्या श्रेयनामावलीसारखी खालून वर सोडतो.